प्रश्न पाचवा, गुण दहा

"मॅडम, उत्तरचाचणीचे गुण कुठे आहेत? फाईलमध्ये तो कॉलम रिकामा दिसतोय मला."

"रिकामाच आहे, सर."

"का?"

"शाळा पाडली."

लॅपटॉपच्या पडद्यावर अवधूत सर हलेनासे झाले. मला वाटलं नेट गेलं. पण त्यांच्या मागचा पंखा फिरत होता, म्हणजे नेट होतं आणि सरच गप्प झाले होते.

अवधूत सर माझे मार्गदर्शक. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. शिक्षणशास्त्राचं एम.ए. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी सुरू केलं. महिन्यातला एक रविवार अभ्यासकेंद्रावर जायचं, बाकी सगळं ऑनलाइन. आमचे हे, म्हणजे शैलेश, तळोज्याच्या कंपनीत शिफ्ट करतात. ते म्हणाले होते, "आता निवृत्त व्हायचं सोडून शाळेत कुठे चाललीस?" मी हसले होते. पण खरं सांगायचं तर मला ती पदवी मनापासून हवी होती. शिक्षकांच्या बैठकीत कालची पोरं उभी राहून मला शिकवणं म्हणजे काय ते समजावतात आणि मी पंचवीस वर्षं शिकवून खाली मान घालून टिपून घेते, याचा मला राग होता.

पदवीसाठी शेवटी एक कृती संशोधन द्यावं लागतं. वर्गातली एक अडचण निवडायची. मुलांची पूर्वचाचणी घ्यायची, महिना-दोन महिने उपाय करायचा आणि त्याच मुलांची तीच चाचणी पुन्हा घ्यायची. गुण वाढले की उपाय लागू पडला. माझ्या चौथीच्या चौदा मुलांना नकाशात दिशा दाखवता येत नव्हत्या, म्हणून मी तोच विषय घेतला. जुलैत पूर्वचाचणी झाली. ऑगस्ट-सप्टेंबर मी मुलांना घेऊन रोज अर्धा तास गावात फिरले. दिवाळीच्या सुट्टीत गाव उठलं.

उठणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. विमानतळाचं बोलणं आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो की त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. मग २०१८ च्या दिवाळीत ते खरंच झालं. शाळा पाडली त्या दिवशी मी जडवस्तूंची नोंदवही हातात धरून बाक मोजत होते. एक बाक कमी भरत होता. मी तो शोधत राहिले आणि भिंत पडली तेव्हा माझं तिकडे लक्षच नव्हतं. एकोणीस वर्षं मी त्या भिंतीला पाठ टेकून प्रार्थना घेतली होती. रडायला येईल म्हणून पर्समध्ये जास्तीचा रुमाल ठेवला होता, तो तसाच घडी केलेला घरी आणला.

माझं दुसऱ्या शाळेत समायोजन झालं. मुलं जिथे जागा मिळेल तिथे पांगली.

"मॅडम, पोर्टल तीस तारखेला बंद होतंय," अवधूत सर म्हणाले. "यंदा राहिलं तर वर्ष जाईल, आणि पुढच्या वर्षी ही मुलं पाचवीत. म्हणजे सगळं पहिल्यापासून. त्यापेक्षा अंदाजे टाका ना गुण. प्रत्येकाला तीन-चार वाढवायचे. प्रॅक्टिकली सगळे तेच करतात. कोण बघतंय?"

"मी एकोणीस वर्षं त्या वर्गात बघून लिहू नका म्हणत आले, सर."

"मग मुलं गाठा. पण प्रश्न बदलू नका हं. प्रश्न बदलला तर कम्पॅरिझनच होणार नाही."

प्रश्न बदलू नका, हे त्यांनी सहज सांगितलं. पाचवा प्रश्न होता : शाळेपासून तुझ्या घरापर्यंतचा नकाशा काढ व दिशा दाखव. गुण दहा.

स्कूटी काढली आणि शाळा सुटल्यावर रोज एक-दोन घरं करायला लागले. पहिली भाविका. कामोठ्याला चौथ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या तिच्या वडिलांनी. दार तिच्या आजीने, गुणाबाईंनी उघडलं.

"ये गो बाय, ये. बस. पानी देतंय. तुमची शाला पन गेली नं?"

"गेली, आजी."

"मना तं हितं काय कलतच नाय. खाली उतरलं का सगली दारां सारकी. परवा मी दुसऱ्याच्याच घरान शिरली, नि त्यांच्या खाटेव जाऊन बसली." आणि त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

भाविका जमिनीवर पालथी पडून लिहायला लागली. पाचव्या प्रश्नाशी आल्यावर तिने पेन्सिल उचलली.

"बाई, शाळा म्हणजे आपली का?"

"आपली."

"आणि घर?"

"तेही आपलं. गावातलं."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. समोर दुसऱ्या इमारतीची कपडे वाळत घातलेली भिंत होती. "बाई, हितून टेकडी दिसत नाय. मग पूर्व कुठंय?"

तेव्हा मला माझी चूक कळली. दोन महिने मी मुलांना शिकवलं होतं, टेकडीकडे तोंड करा, ती पूर्व. मग पाठीमागे पश्चिम, डावा हात उत्तर. सूर्याने सुरुवात करायला हवी होती. पण टेकडी दिवसभर समोर असायची. तिच्याकडे बोट दाखवणं मला सोपं गेलं. आता तर ती टेकडीही सुरुंग लावून उतरवत होते.

"डोळे मिट," मी म्हटलं. "शाळेच्या दारात उभी राहा. आता टेकडी कुठे आहे?"

तिने डोळे मिटले आणि हात सरळ पुढे केला. मग बसून भराभर काढायला लागली. गुणाबाई मागून वाकून बघत होत्या.

"अगो, चिच कुठं हाय? हिरीच्या बाजूची?"

"आजी, सांगायचं नाही. परीक्षा आहे ती."

"मी कुठं सांगतंय? चिच र्‍हायली, येवढंच बोलतंय."

भाविकाने चिंच काढली. मी ती खोडायला लावली नाही. पेपर घेताना गुणाबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. "ह्ये आमचं." मग परत दिला.

अकरा दिवसांत तेरा मुलं झाली. कुणी करंजाड्याला, कुणी पनवेलच्या गल्लीत. समृद्धी तर तिच्या मावशीच्या लग्नात सापडली. मांडवाच्या मागे पाण्याच्या पिंपावर पेपर ठेवून तिने लिहिलं. प्रत्येकाला डोळे मिटायला सांगावं लागलं आणि प्रत्येकाने हात पुढे केला. मला वाटत होतं, यातल्या एखाद्या तरी घरी मला गलबलून येईल. नाही आलं. मी पेपर गोळा करायचे, वर नाव-तारीख घालायचे आणि पुढच्या घरी जायचे.

चौदावा हरेश. तो नेऱ्याला मामाकडे होता. त्याचे वडील धर्मराज अंगणात डंपर धूत होते. जमीन गेल्यावर गावातल्या बऱ्याच जणांनी डंपर घेतले होते आणि आता भरावाच्या कामावर लावले होते.

"बाई, तुमी हितवर आल्यात?" धर्मराजांनी पाइप खाली टाकला. "परीक्षा घेवाला? लय झालं बुवा."

"तुमचा डंपर कुठे चालतो हल्ली?"

"कुठं म्हंजे? आपल्याच गावान. भराव टाकतंय." ते चाकाकडे बघत बोलले. "परवा दिशी मोजीत व्हतो, आपली शाला कुठं आली आसंल. देवलापासून पावलां मोजावी तं देऊल नाय. नाय लागला पत्ता."

"हरेश बघायला गेला होता का?"

"सुट्टी आसली का येतो माज्यासंगट, केबिनमदी बसून."

हरेश वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा. त्याने पहिले चार प्रश्न पाच मिनिटांत संपवले. पाचव्याला मी म्हटलं, "डोळे मिट." तो म्हणाला, "नको बाई, मला येतं." त्याने पट्टी घेतली, कागदाच्या मधोमध एक अधिकची खूण काढली, चार टोकांना चार दिशा लिहिल्या. अगदी बरोबर. आणि पेपर माझ्या हातात दिला.

"नकाशा?"

"काढला की."

"शाळा कुठे आहे? घर?"

"बाई, तितं काय नाय," तो म्हणाला. उद्धटपणे नाही. वर्गात मी चुकले की हळूच सांगायचा, तसंच.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी लाल पेन घेऊन बसले. गुणांचे निकष मीच जूनमध्ये लिहून विद्यापीठाकडून मंजूर करून घेतले होते. दिशा अचूक : पाच गुण. नकाशा प्रत्यक्ष जागेशी जुळतो : पाच गुण. जुलैत बहुतेकांचं गाव बरोबर आणि दिशा चूक होत्या. त्यांना पाच मिळाले होते. आता तेराही जणांच्या दिशा बरोबर होत्या. त्याचे पाच. आणि प्रत्यक्ष जागेशी जुळणारा नकाशा चौदा जणांत एकट्या हरेशचा होता.

म्हणजे हरेशला दहा. बाकी बहुतेक सगळे जुलैतही पाच आणि आताही पाच. नियमाने तपासलं तर माझा उपाय वाया गेला होता आणि पदवीही गेली होती. न तपासता गुण टाकले तर मग एवढी वणवण कशासाठी केली?

शैलेश चहा घेऊन आले, चौदा कागद पसरलेले बघून कप खिडकीत ठेवून गेले.

मी लॅपटॉप उघडला. प्रबंधात शेवटी 'संशोधनाच्या मर्यादा' असं एक पान असतं. तिथे लिहिलं, 'विद्यार्थ्यांनी काढलेली जागा तपासणीच्या वेळी अस्तित्वात नव्हती. संशोधिकेने ती पाहिलेली आहे. त्या आधारे गुण दिले आहेत.' ते पान अवधूत सरांना पाठवलं, तर त्यांचा लगेच मेसेज आला. 'मधलं वाक्य काढा मॅडम, रिसर्चच्या भाषेत बसत नाही.' मी उत्तर दिलं, 'राहू द्या, सर. त्यावरून नापास केलं तर चालेल.' असं मी लिहीन, हे मलाही माहीत नव्हतं.

मग तपासायला लागले. हरेशच्या कागदावर दहा लिहिले. त्यात माझी दया नव्हती, त्याचं उत्तर बरोबरच होतं. बाकीचे एकेक करून घेतले. देऊळ, बरोबर. विहीर, बरोबर. पिठाची गिरणी देवळाच्या दक्षिणेला, बरोबर. समृद्धीने मिठागराच्या वाटेला वळण दिलं होतं, ते थोडं जास्त वाकलं होतं. अर्धा गुण कापला. सगळ्यांत शेवटी भाविकाचा. चिंच, बरोबर. गुणाबाईंनी बोट ठेवलेला चौकोन, बरोबर. शाळा, बरोबर. शाळेच्या दाराबाहेर तिने दोन लहान लांबट गोल काढले होते. मला आधी कळेना. मग कळलं. वर्गात जाताना मुलांसारख्याच मीही चपला दाराबाहेर काढायचे, उजव्या बाजूला, भिंतीला लावून. त्या उजवीकडेच होत्या, भिंतीला लावलेल्या.

चपलांना निकषात गुण नव्हते. मी त्यांच्यावरही बरोबरची खूण केली. ती वाकडी आली. मुलांच्या वह्यांत मला वाकडी खूण चालत नाही, खोडून पुन्हा करते.

ही तशीच स्कॅन केली.