चाळीस मिनिटं

वॉर्डातून सिस्टरचा फोन आला तेव्हा ती हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात नुकतीच डबा उघडून बसली होती.

"ताई, लॅबमध्ये रिपोर्ट दहा वाजून दहाला तयार. डॉक्टरांच्या फोनवर निरोप आला दहा पन्नासला. सात नंबरच्या बाई गेल्या."

तिने डबा बंद केला.

पूर्वी रक्तात काही धोक्याचं दिसलं की लॅबवाले थेट वॉर्डात फोन लावायचे. तिने बनवलेली निरोपांची यंत्रणा आली आणि ते बंद झालं. निरोप रांगेत लागायचा आणि दोन सेकंदांत डॉक्टरांच्या खिशात वाजायचा. दोन वर्षं तक्रारीला जागा नव्हती.

तिने नेटवर्क पाहिलं. ठणठणीत. सर्व्हर तर नुसता बसून होता. मग सकाळची नोंद उघडली. रांगेत सगळ्यात पुढे कुणाच्या तरी साध्या लघवीच्या तपासणीचा निरोप होता. नावात भलतंच चिन्ह घुसलेलं, प्रोग्रामला ते वाचता येईना. दर अर्ध्या मिनिटाला एक प्रयत्न, असे ऐंशी प्रयत्न. तोवर मागचे सगळे ताटकळत उभे. सात नंबरच्या बाईंचं पोटॅशियम धोक्याइतकं वाढल्याचा निरोपही त्यातच.

ऐंशीचा आकडा तिचाच. "एकही निरोप हरवता कामा नये," असं तेव्हा ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती.

तिने नियम बदलला. न वाचता येणारा निरोप आता लगेच बाजूला पडणार होता. काम तीन मिनिटांचं.

विभागाचे साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "नेटवर्कवर ढकलून दे. कोण बघायला येतंय?"

"नेटवर्क ठीक होतं, साहेब."

"अगं, नोकरी जाईल तुझी."

तिने झालं तसं लिहिलं, खाली सही केली आणि कागद घेऊन वॉर्डात गेली. बाईंचे यजमान बाकावर बसले होते, मांडीवर बायकोच्या चपलांची पिशवी.

"मी खाली चहाला गेलो होतो," ते तिला नर्स समजून म्हणाले. "तेवढ्यात तिला कसंतरी व्हायला लागलं. मी इथे असतो तर हाक तरी मारली असती."

"काका, चूक तुमची नाही. रिपोर्ट चाळीस मिनिटं आमच्याकडे अडकला होता. माझ्यामुळे."

त्यांनी मांडीवरची पिशवी बाकावर ठेवली.

"वेळेवर आला असता तर वाचली असती?"

"माहीत नाही. कदाचित."

त्यांनी कागद घेतला, न वाचताच घडी घालून खिशात ठेवला.

"जा तुम्ही आता," ते म्हणाले. "माझ्यासमोर उभ्या राहू नका."