गार इंजिनाचा लॅपटॉप

मित्रांनो, तीन वर्षांचं मूल अजून बोबडं बोलतं. आमच्या जातीत मात्र तिसऱ्या वर्षी म्हातारपण येतं. मी असाच एक जुना झालेला लॅपटॉप आहे. शहाद्याच्या एका घरात, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझ्या एकाही बटणावरचं अक्षर पुसलेलं नाही, पडद्यावर साधा ओरखडा नाही. ज्या कामासाठी मला आणलं, ते काम माझ्याकडून अकराच दिवस घेतलं गेलं. तेही मला धड जमलं नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पत्रं लिहावीत, अर्ज भरावेत, फोटो आणि सिनेमे दाखवावेत, यासाठी मला घडवलं होतं. मोठे खेळ चालवायचे तर पोटात चित्रं काढणारा एक वेगळा भाग लागतो. तो मला बसवलेला नव्हता. बनवणाऱ्यांनी तसं खोक्यावर लिहिलंही होतं.

शहाद्याच्या दुकानात माझ्या शेजारी एक काळा, जाडजूड लॅपटॉप मांडलेला होता. त्याच्या पोटात तो भाग होता. दुकानदार त्याच्यावर दिवसभर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ चालू ठेवायचा. माझ्या पडद्यावर नुसती डोंगरांची चित्रं सरकत असायची.

एका शनिवारी तिथे चेतना आली. ती धडगावच्या कचेरीत कारकून आहे; आठवडाभर तिकडेच राहते, शनिवारी घरी येते. सोबत तिचे वडील होते, उखाआबा. आबांनी सव्वीस वर्षं एसटी चालवली, त्यातली अठरा धडगावच्या घाटात. निवृत्त झाल्यावर वर्षभरातच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या रमिलाबाई म्हणाल्या होत्या, "रबरी चेंडू दाबून माणूस कंटाळतो. हाताला त्याच्या ओळखीचं काम द्या. अजून सुधारेल तो." म्हणून चेतनाने ठरवलं होतं, बस चालवायचा खेळ घ्यायचा, टेबलाला लावायचं स्टिअरिंग घ्यायचं, आणि तो खेळ पेलेल असा, खिशाला झेपणारा लॅपटॉप शोधायचा.

महिनाभर ती त्याबद्दल वाचत होती. काय हवं ते तिने वहीत लिहून आणलं होतं. तिने पान वाचून दाखवलं, तसं दुकानदार कुंदनने काळ्याकडे बोट केलं.

"हाऊ जाडा गेमसाठीच शे, ताई. थोडा महाग शे, पन चालस."

आबांनी डावा तळहात काळ्याच्या पाठीवर ठेवला आणि लगेच उचलला. "हाऊ तर तापी ऱ्हायना! आनि आवाज दख त्याना. पंखा शे का पिठनी चक्की?"

"आबा, तो गेम चालवी ऱ्हायना. काम करस म्हनीसन तापस," चेतना म्हणाली.

"मी अठरा वरीस घाट चढनू. मन्ही गाडी कधी तापनी नही."

कुंदन हसला. "तुमनी गाडी तुमले भ्याये, आबा!"

आबाही हसले. मग त्यांनी तो हात माझ्यावर ठेवला. मी गार होतो. मी काहीच करत नव्हतो, मित्रांनो. न चालणारं इंजिन गारच असतं. पण आबांनी माझ्यावर दोनदा थोपटलं, घाट सुरू होण्याआधी बसच्या बॉनेटवर थोपटावं तसं.

"हाई गाडी ली ले, माय. तापनारी गाडी घाटमा दगा देस."

चेतनाने वहीकडे पाहिलं. मग आबांकडे पाहिलं. झटक्यानंतरच्या आठ महिन्यांत त्यांनी एकही गोष्ट स्वतःहून ठरवली नव्हती. काय खायचं विचारलं तर "काही बी", कुठला सदरा घालू विचारलं तर "कोनता बी". आज ते ठामपणे बोलत होते. तिने वही पिशवीत ठेवली. शिवाय मी स्वस्त होतो. माझ्या पडद्याच्या वरच्या कडेला कॅमेऱ्याचा एक बारीक डोळा आहे. त्याने मी पाहिलं, त्या क्षणी तिला थोडं हायसंही वाटलं होतं.

घरी माझं कौतुक झालं. चेतनाची आई, धनुबाई, हिने मला हळद-कुंकू लावलं. आबा स्टिअरिंगला बसले. धनुबाई मागे खाटेवर बसून म्हणाली, "डायवरसाहेब, धडगावनं एक तिकीट द्या. अर्धं द्या, बायासले सवलत शे."

"डायवर तिकीट फाडस नही. मांगे सरक, कंडक्टरले सांग."

"आनि कंडक्टर कोठे शे?"

"चहा पेवाले गया. तुन्हासारखाच शे तो."

त्या दिवशी खेळातला रस्ता सपाट होता. दोन्ही बाजूंना नुसती शेतं. तेवढं मला पेललं. आबांचा उजवा हात थरथरत होता, पण चाकावरून सुटला नाही. चेतना निर्धास्त होऊन सोमवारी धडगावला गेली.

मंगळवारी घाट लागला.

पडद्यावर चित्र सरकतं असं तुम्हाला वाटतं. खरं तर आम्ही एका सेकंदात तीस-चाळीस चित्रं काढून भराभर दाखवत असतो. घाटात दरी आली, झाडं आली, कठडे आले आणि मला आठ चित्रंही काढता येईनात. आबांनी स्टिअरिंग फिरवलं की मला ते लगेच कळायचं. पण वळलेली बस पडद्यावर यायला अर्धा सेकंद जास्त लागायचा. घाटात अर्धा सेकंद म्हणजे फार झाला. बस कठडा तोडून दरीत गेली. पुन्हा सुरू केली, पुन्हा गेली. त्याच वळणावर.

आबांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं नाही. मला त्यांनीच निवडलं होतं. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"काय व्हयनं?" धनुबाईने विचारलं.

"डोकं सांगस, पन हात येळवर आयकस नही. मरेल हात शे हाऊ."

मी ओरडून सांगणार कसा? मला आवाज आहे, पण तो दुसऱ्यांचा आहे.

रोज दुपारी ते बसत. रोज बस पडे. संध्याकाळी चेतनाचा फोन येई. "आबा, गेम अडकस का?" ती दर वेळी विचारायची.

"नही माय, गाडी एकदम चांगली शे. डायवरच जुना व्हई गया."

ती हसायची. फोनमधलं ते हसू मलाही ऐकू यायचं.

अकराव्या दिवशी आबांनी स्टिअरिंग काढून खाटेखाली सरकवलं. त्याच दिवशी रबरी चेंडूही सुटला. रमिलाबाईंकडे जायचा वार आला, तेव्हा ते म्हणाले, "मरेल बैलले काय चारा टाकानं?" शनिवारी चेतना आली की ते माझ्यापुढे बसून भजनं ऐकत असत. "दोन फेऱ्या मारी उनू आज," असं तिला सांगत. तिने हात पाहायला मागितला तर म्हणत, "ठीक शे." हात पुन्हा पूर्वीसारखा लटकू लागला, मग पायही ओढू लागला. सात महिन्यांनी दुसरा झटका आला आणि आबा गेले.

घरात महिनाभर माणसं येत-जात होती. कुणी म्हणालं, हिंमत सोडली त्यांनी. कुणी माझ्याकडे पाहून म्हणालं, पोरीने किती केलं.

माणसं ओसरल्यावर एका दुपारी चेतनाने आबांचा फोटो शोधायला मला उघडलं. तिथे तो खेळ दिसला. तिने खाटेखालून स्टिअरिंग काढलं, पुसलं आणि टेबलाला लावलं. घाट सुरू झाला. तिने वळणावर चाक फिरवलं. बस अर्धा सेकंद सरळ गेली, मग वळली आणि दरीत पडली. तिने पुन्हा सुरू केलं. या वेळी ती सावध होती. तरीही पडली.

मागे धनुबाई उभी होती. "त्यासनी बी आठेच पडे," पडद्यावरच्या त्या वळणाकडे बोट करून ती म्हणाली. "हात मरी गया म्हनेत."

"माय, माले काबर सांगं नही?"

"तेच बोलनात, चेतूले सांगू नको. इतली हौस करीसन लयनी ती."

चेतनाने दोन्ही हात समोर धरले. धडधाकट हात. मुठी वळल्या, उघडल्या. ती रडली नाही. तिने अजून चार वेळा ती बस दरीत जाऊ दिली आणि मग मला मिटलं.

आता ती माझ्यावर कचेरीचे तक्ते भरते. ते काम मला उत्तम जमतं. काम झालं की मला पुसते, वरून कापड घालते. मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. माझी निगा कधी कमी पडली नाही. माझं मागणं निराळं आहे. कुणाला एखादं काम जमेनासं झालं, तर आधी त्याच्या हाती दिलेलं यंत्र तपासा. स्वतः चालवून पाहा. तो माणूस शेजारी बसलेला आहे तोवर पाहा.

स्टिअरिंग कधी फिरलं आणि किती फिरलं, याची त्या अकरा दिवसांची नोंद माझ्या पोटात आहे. ती कशी उघडायची, हे या घरात कुणाला ठाऊक नाही. घाटातल्या पहिल्या दिवशी आबांचा हात वळणावर अडखळत होता. अकराव्या दिवशी तो चेतनाच्या हाताइतकाच वेळेवर फिरला होता.