आहेराच्या माईकवरची यादी

पारूबाई, तिचा कचरू, कचरूचा राजेंद्र आणि राजेंद्रचा हा सम्यक, वय एक महिना. या हकिगतीचा नायक तोच. बाकीच्यांनी आपापली पायरी ओळखावी, माझ्या मुलानेही.

कन्नडला आमचे मंगल कार्यालय आहे. सप्टेंबरात नदीकाठची वस्ती पाण्यात गेली, तेव्हा माझा मुलगा सुदर्शन याने कार्यालयात मदत छावणी उघडली आणि तिचे फोटो सर्वांना पाठवले. फोटोंत धान्याची पोती कमी आणि सुदर्शन जास्त दिसत होता, म्हणून मी शहरातल्या आमच्या घरून, गारखेड्याहून, स्वतः निघाले.

पोहोचले तेव्हा तो माईकसमोर उभा होता. लग्नातला आहेर माईकवर वाचायची आमच्याकडे चाल आहे: अमक्यांची साडी, तमक्यांचा हंडा. सुदर्शनला दुसरी रीत ठाऊक नाही. पुरात औषधे वाहून गेलेल्यांची यादी तो त्याच माईकवर, त्याच सुरात वाचत होता.

“आशाबाई, शुगरच्या गोळ्या. रामकिसन, बीपीच्या. मेघा राजेंद्र, एचआयव्हीच्या.”

सभागृहात सतरंज्या सरकू लागल्या. शिकलेसवरलेले सर्वांत आधी सरकले. सम्यकला घेऊन खांबाशी बसलेल्या मेघाभोवती घटकाभरात एवढी जागा मोकळी झाली, की तेथे पंगत बसली असती.

आशाबाई तेवढी हलली नाही. “शेठ, आहेरबी इतक्या मोठ्यानं वाचत नाय कुणी,” ती म्हणाली. “आन् मी काय सरकत नसते. माझे गुडघे तुमच्यापेक्षा शहाणे हायेत.”

सुदर्शनला चूक कळली नाही; त्याला कर्तबगारी सुचली. त्याने दुधाच्या पावडरीचा डबा फोडायला लावला, टँकरच्या पाण्यात ती कालवली आणि बाटली मेघाच्या हाती दिली. “आजपासून हेच पाजायचं. अंगावर अजिबात घ्यायचं नाही. लेकराला रोग देतेस का?”

टँकरचे ते पाणी मी पेल्यात घेऊन उजेडात धरून पाहिले. आमच्या घरी त्या पाण्याने कोणी अंगण सारवले नसते.

मेघाचा पदर दुधाने भिजला होता. ती मला म्हणाली, “आजी, दवाखान्यात सांगितलं होतं, रोजची गोळी घ्या आन् अंगावरच पाजा, वरचं काय देऊ नका. गोळ्या वाहून गेल्या. बाळाचं औषधबी गेलं. दोन दिवस झाले. गोळ्यांच्या तारखा लिहिलेलं पुस्तकबी नाय. माझं लेकरू जाईल हो.”

शहरात ज्या केंद्रातून तिला गोळ्या मिळत, तेथे अमृता नावाची समुपदेशक होती. तिचा नंबर मेघाला पाठ होता. मी फोन लावून सगळे सांगितले.

“बाटली आधी बाजूला ठेवा,” अमृता म्हणाली. “त्या पाण्यानं जुलाब लागले तर एवढंसं बाळ टिकणार नाही. आईचं दूध तोडू नका. पुस्तक नसू दे, नोंद आमच्याकडं आहे. फक्त दोघांना आजच आणा.”

मी सुदर्शनला कार्यालयाच्या खोलीत बोलावले आणि दार लावून घेतले.

“गाडी काढ.”

“माझी गाडी? आई, लोक काय म्हणतील? जीप सांगतो ना एखादी.”

“जन्मलास तेव्हा मी तापाने फणफणले होते,” मी म्हणाले. “वरच्या दुधाने तुला जुलाब लागले. पारूबाईने एका बाजूला स्वतःचा कचरू घेतला आणि दुसऱ्या बाजूला तू. सव्वा महिना. मागच्या दाराने येई, मागच्या दाराने जाई. तुझ्या आजोबांना तिचं दूध चालत होतं, तिचा पेला चालत नव्हता. मी तोंड उघडलं नाही, ती लाज माझी. पण तू हुबेहूब त्यांचा नातू शोभतोस.”

तो खुर्चीत बसला. म्हणाला, “बाहेर मेघा... म्हणजे पारूबाईची?”

“नातसून. आणि ज्याला तू बाटली लावलीस तो पणतू.”

“मी माईकवर माफी मागतो.”

“पुन्हा माईक? तिचं नाव आणखी एकदा गावभर करायचंय? तिच्यापुढे जा.”

गेला. हात जोडले. मेघाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. “माफीचं नंतर बघू, शेठ. गाडी चालू करा.”

दुपारी तीनला तिने केंद्राच्या ओसरीत गोळी घेतली, बाळाला औषध पाजले. मग गाडीच्या मागच्या सीटवर तिने सम्यकला पदराखाली घेतले. सुदर्शन दाराकडे पाठ करून उन्हात उभा राहिला. कोणी डोकावले तर त्याला हटकत होता. इतका उपयोगी मी त्याला त्याआधी पाहिला नव्हता.

राजेंद्र घर पुन्हा उभे करीपर्यंत मेघा बाळासह गारखेड्याला आमच्याकडे राहिली. समोरच्या दाराने आली, आमच्याच ताटांत जेवली. सव्वा महिना रोज रात्री गोळीची वेळ सुदर्शनने सांभाळली. सम्यकची पहिली तपासणीही त्यानेच करून आणली. तीत काही निघाले नाही. तो कागद मेघाच्या हाती देऊन तो तिच्या पाया पडला, आणि पारूबाईचे देणे आमच्या घराने पुरते फेडले.