चिकाचं दूध

सासूबाईंनी फ्रीझरमधला बर्फ उलथन्यानं खरवडून काढला, कप्पा कोरडा पुसला आणि ओल्या टॉवेलात गुंडाळलेली पिशवी पुन्हा आत ठेवली. पिशवीत बोटाएवढ्या सोळा सिरिंजा होत्या, प्रत्येकीवर सुनेच्या हातची चिठ्ठी. फ्रिज बंद होता तेवढा वेळ पिशवी शेजारणीच्या फ्रीझरमध्ये नेऊन ठेवली होती आणि "हात लावू नका हो, सुनेचं औषध आहे," असं त्यांनी तिला दोनदा बजावलं होतं.

सून अकराव्या वर्षापासून डायबिटिसची. फ्रिजच्या दारात इन्सुलिन असायचंच. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी नाक मुरडलं होतं, पण पुढं त्या औषधाला सगळ्यात जास्त जपायला लागल्या त्याच. हे नवं औषध वर बर्फात कशाला, असं त्यांच्या मनात आलं होतं खरं; पण शिकल्यासवरल्या मुलीला काय विचारायचं, म्हणून त्या गप्प बसल्या.

बाकी घर मात्र त्यांनी दोन दिवसांत धुऊन काढलं होतं. दुःख झालं की झाडू हातात घ्यायचा, हा त्यांचा जन्माचा स्वभाव. पाळणा, दुपटी, टोपरी, भिंतीवरचा कागदी ससा, सगळं टेम्पोवाल्याला देऊन टाकलं. मागच्या खोलीत पुन्हा इस्त्रीचं टेबल आलं. शेजारपाजाऱ्यांना तंबी दिली, मुलालाही दिली.

"ती घरी आली की ब्र काढायचा नाही. दृष्टीआड सृष्टी."

मुलगा 'हो' म्हणाला. तो लहानपणापासून 'हो'च म्हणत आला होता.

सून बस आगारात गाड्यांची वेळापत्रकं लावायची. बाळंतपणाचंही तिनं वेळापत्रकच केलं होतं. अडतिसाव्या आठवड्यातला मंगळवार ठरलेला. सकाळी कळा आणायच्या, एका हाताला इन्सुलिन, दुसऱ्या हाताला ग्लुकोज, दर तासाला साखर बघायची, बाळाची साखर कधी आणि किती वेळा तपासायची, सगळं त्या कागदावर. सासूबाई चिडवायच्या, "अगं, बाळ म्हणजे काय सव्वासातची गाडी आहे का?"

"उशीर केला तर मेमो देणार आहे मी," सून म्हणायची आणि पोटावर टिचकी मारायची.

मंगळवार यायला दोन दिवस होते, त्या रविवारी सकाळी बाळ हलायचं थांबलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, कुणाचं काही चुकलं नाही, सगळं नीट करूनही कधी कधी असं होतं. कुणाचं चुकलं असतं तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. सासूबाईंना तेवढाही आधार मिळाला नाही.

नर्सनं बाहेर येऊन त्यांना विचारलं होतं, "आजी, बघायचंय का?"

"नको," त्या म्हणाल्या होत्या. "बघितलं की माया लागते."

आणि जिन्यात जाऊन बसल्या होत्या. मुलगी होती, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

फ्रिज पुसला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मुलानं सुनेला घरी आणून सोडलं. तो लिफ्टचा मेकॅनिक. कुठंतरी कुणी अडकलंय असा फोन आला आणि तो लगेच गेला. गेला म्हणण्यापेक्षा सुटला.

सून चपला काढून सरळ मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. इस्त्रीच्या टेबलाकडं तिनं बराच वेळ बघितलं. मग स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर टेकली. सासूबाईंनी बिनसाखरेचा चहा पुढं केला. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलण्यासारखं त्यांच्याकडं एकच होतं.

"तुझी औषधं मात्र जपून ठेवलीत हो. फ्रिज बंद केला तेव्हा शेजारी नेऊन ठेवली होती. एक थेंब वितळू दिला नाही."

सुनेनं मान वर केली. "कुठली औषधं?"

"ती वरची. बर्फातली."

सून उठली. फ्रीझरचं दार उघडून ती नुसती उभी राहिली. गार वाफ तिच्या तोंडावर येत होती.

"आई, हे औषध नाही. इन्सुलिन बर्फात ठेवलं तर फुकट जातं."

"मग काय आहे ते?"

"दूध आहे माझं. चिकाचं." ती पाठमोरीच बोलत होती. "माझी साखर वरखाली होते, पोटातल्या बाळाला त्याची सवय होते. बाहेर आलं की त्याची साखर झपकन उतरते. तासाभरात पोटात दूध जायला लागतं, आणि माझ्यासारखीला दूध यायलाच कधी कधी उशीर होतो. म्हणून नर्स म्हणाल्या, आधीपासून थोडं थोडं काढून ठेवा. बाथरूममध्ये बसून काढायचे. पहिल्या दिवशी दोनच थेंब निघाले. तेही ठेवले."

सासूबाईंचा हात नकळत पदराशी गेला. काल त्या हे काखेत धरून जिना उतरल्या होत्या.

"आता येतंय ना," सून म्हणाली. "भरपूर येतंय. बंद व्हायला गोळ्या दिल्यात." तिनं पिशवी बाहेर काढली आणि सासूबाईंसमोर टेबलावर ठेवली. "टाकून द्या. बाकीचं काढलंतच, आता हेही काढा."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सासूबाईंनी सोसला असता.

त्यांनी पिशवी उचलली. मोरी चार पावलांवर होती. ज्या बाईनं एका दुपारीत अख्खी खोली रिकामी केली होती, तिला ती चार पावलं टाकता येईनात. एका सिरिंजेवरची चिठ्ठी प्लॅस्टिकमधून दिसत होती: तारीख, पहाटे पाच दहा, पाव मिली. त्यांनी पिशवी परत टॉवेलात गुंडाळली, फ्रीझरमध्ये ठेवली आणि दार लावून त्यावर तळहात दाबून धरला. सून परत खुर्चीवर बसली होती; तिच्या शेजारची खुर्ची ओढून त्या बसल्या.

"मी घाबरले गं," त्या म्हणाल्या. "मला बोलावलं होतं त्यांनी. मी गेले नाही."

सुनेनं गार झालेला चहा बाजूला सारला. सासूबाईंनी विचारलं,

"कशी होती?"

सुनेनं त्यांच्याकडं बघितलं. घरी आल्यापासून, त्याही आधीपासून, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"मोठी होती," ती म्हणाली. "चार किलो शंभर. गाल असे, की डोळे मिटलेत की गालांनी झाकलेत कळू नये. केस दाट. मूठ घट्ट होती, मी उघडून बघितली. नखं वाढली होती, आई. कापायला झाली होती."

सासूबाई ऐकत होत्या आणि तोंडावर पदर न धरता रडत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना उठून काही आवरावंसं वाटत नव्हतं.

कुलूप वाजलं. मुलगा हत्यारांची पिशवी घेऊन आत आला. दोघींचे चेहरे बघून दारातच थबकला आणि त्याला शिकवलं होतं तसं घाईघाईनं बोलायला लागला.

"काही नाही, केबल सरकली होती. दोन म्हातारी माणसं अडकली होती, त्यांना आधी..."

"लिफ्ट राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "बस इथं. तुझ्या मुलीचं बोलतोय आम्ही."

तो उभाच राहिला. हत्यारांची पिशवी त्यानं आवाज न करता खाली ठेवली, मग स्टूल ओढून बायकोच्या जवळ बसला. काळी पडलेली बोटं त्यानं पँटला पुसली.

"कानांचं सांगितलंस का?" त्यानं विचारलं.

"नाही अजून," ती म्हणाली. "ते तू सांग."