चिरगावकडचे अकरा किलोमीटर

दीनानाथ पटवर्धन तेवीस वर्षं रुळांच्या पोटातले तडे शोधत होते. मशीन रुळावरून ढकलत न्यायचं, पडद्यावरची रेघ वाचायची, शंका आली की रंगानं खूण करायची. या कामाचा दाखला दर काही वर्षांनी परीक्षा देऊन नवा करावा लागे. यंदा झाशीच्या यार्डात परीक्षा घ्यायला चारुता आली होती. तिला हे काम त्यांनीच शिकवलं होतं.

नमुन्याच्या रुळात सहा तडे होते. दीनानाथांनी पाच खुणा केल्या.

"काका, पुन्हा एकदा बघा ना," चारुता हळूच म्हणाली.

ते पडद्याशी वाकले. उन्हामुळे दिसत नसेल म्हणून हाताची सावली धरली. रेघ तरीही धूसरच.

"पाचच आहेत."

चारुतानं इकडेतिकडे पाहिलं आणि रुळावर एके ठिकाणी बोट टेकवलं. "इथे करा खूण. मी काही बघितलं नाही."

दीनानाथांनी ब्रश खाली ठेवला.

"नापास लिही. आणि एक कोरा कागद दे. मागच्या महिन्यात चिरगावकडचे अकरा किलोमीटर मी तपासलेत, ते पुन्हा तपासायला हवेत."

"लेखी दिलंत तर चौकशी लागेल, काका. रिटायरमेंटला दीड वर्ष उरलंय."

"कागद दे, बेटा."

दुसऱ्या दिवशी सुमेध नावाच्या तरुण टेस्टरनं मशीन चालवलं. दीनानाथ मागून चालत होते. सातव्या किलोमीटरवर सुमेध थबकला.

"काका, यहाँ है. बराच खोल गेलाय."

गाड्या थांबवल्या गेल्या. गँगमननी रुळाला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आवळल्या. तासाभरानं पहिली पॅसेंजर अगदी सावकाश त्यावरून गेली. दीनानाथ तिचे डबे मोजत राहिले. मग ते खडीवरच बसले. महिनाभर इथून गाड्या भरधाव धावत होत्या.

संध्याकाळी घरी त्यांनी सगळं बायकोला, इंदूताईंना सांगितलं.

"डोळ्याचं तुम्हाला कधीपासून कळत होतं?"

"दिवाळीपासून," ते म्हणाले. "वाटायचं, हाताला सवय आहे, चालून जाईल."

चौकशीत ठपका आला. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. फाल्गुनात मोतीबिंदू काढला. परीक्षा पुन्हा देता येईल, असं चारुतानं कळवलं आणि फॉर्मही पाठवला. तो त्यांनी अजून भरलेला नाही.