रामकिसनची मिशी

आमच्या मानोऱ्याकडे बाप गेला की मुलगा मिशी काढतो. बाप जिवंत असताना काढणं म्हणजे त्याला जिवंतपणी तिरडीवर बांधणं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझा पुतण्या रामकिसन मात्र विमान चालवायला शिकला आणि नेमकं तेवढंच विसरला.

लढाईचे दिवस होते. पोरगा अमरावतीला शिकला आणि तिथून थेट विमानदलात भरती होऊन पंजाबातल्या तळावर गेला. त्याचा बाप म्हणजे माझा थोरला भाऊ पुंजाजी. दादा गावभर सांगत फिरायचा, "माहा पोरगा घारीच्या वर उडते!" ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते.

त्या वैशाखात दादाला ताप भरला. काही केल्या उतरेना, म्हणून वहिनीच्या भावानं त्याला गाडीत घालून कारंज्याच्या दवाखान्यात नेलं. मग कितीतरी दिवस निरोपच नाही. वहिनी दारातून हलेना. आणि अशात रामकिसन रजेवर आला. आला तोही कारंज्याकडूनच, कारण रेल्वेतून उतरून आमच्याकडे यायची वाटच ती. बाप आजारी आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

अंगात कडक इस्त्रीची वर्दी, बूट चकचकीत, टोपीत शिकाऊ पायलटाची पांढरी पट्टी. पोरगा देखणा दिसत होता, खोटं कशाला बोलू? आईच्या पाया पडायला त्यानं टोपी काढली. डोईचे केस अगदी बारीक कापलेले, आणि ओठावर मिशीचा पत्ता नाही.

वहिनीनं काही विचारलं नाही. विचारायचं उरलंच काय होतं? पोरगा कारंज्याहून आला आणि मिशी काढून आला. तिनं दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले, पदरानं कुंकू पुसलं आणि हंबरडा फोडला. मीही पागोटं काढून मटकन खाली बसलो. गल्लीतल्या बाया धावत आल्या.

"माय, काय करून राह्यली तू? कोन गेलं?" रामकिसन ओरडत होता, पण त्या आकांतात त्याचं ऐकतो कोण! ऐकलं तेव्हा वहिनीच्या हातात एक काकण शिल्लक नव्हतं.

"अरे, मंग मिशी कायले काढली?" मी त्याच्या अंगावरच गेलो.

"काका, लय वर गेलं की हवा पुरत नाही. नाकातोंडावर मुखवटा गच्च बसवा लागते. मिशीनं फट राह्यली की मानूस बसल्या जागी बेशुद्ध पडते. साहेब म्हने, बारीक ठेव नाहीतर काढ. म्या काढली."

बारीक ठेवली असती तर काय बिघडलं असतं? पण तपासणीला उभं राहताना सगळ्यांत टापटीप दिसायची हौस ना त्याला!

दोन दिवसांनी दादा गाडीतून उतरला. ताप गेला होता, नुसता सापळा उरला होता. दारात बायको उभी, कोऱ्या कपाळानं, भुंड्या हातांनी. शेजारणीकडून बांगड्या भरून घ्यायची तिची हिंमत झाली नव्हती, आणि शेजारणींचीही भरायची. दादानं सगळं ऐकून घेतलं. रामकिसन पाया पडायला वाकला, तसे दादानं पाय मागे ओढले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मी जित्ता असताना माही राख केली यानं. मिशी आल्याबिगर मले तोंड दाखवू नोको."

"बाबा, तिथला नियम हाये."

"इथलाबी हाये."

"दादा, पोराच्या जिवाचा सवाल हाये," मी म्हणालो. त्यानं मलाच गप्प बसवलं. रजा संपेपर्यंत बाप लेकाकडे पाठ करून जेवला. निघायच्या दिवशी वहिनी कळवळून म्हणाली, "एकडाव तरी पाहा हो त्याच्याकडं." नाही पाहिलं. पोरगा बापाच्या पाठीला नमस्कार करून गेला. मला तेव्हा दादाचा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

दिवाळीच्या तोंडावर तार आली. मी आणि दादा पंजाबात पोचलो तोवर रामकिसनला बर्फावर ठेवलं होतं. विमान शेतात कोसळलं होतं. नवी वर्दी घातलेली, गुंड्या लखलखीत, आणि चेहऱ्याची एकच बाजू शाबूत. त्या बाजूला मिशी होती. दाट, टोकाला पीळ दिलेली.

त्याचा साहेब भला माणूस होता. हिंदीत सांगत होता, मिशीपायी दोनदा शिक्षा दिली त्याला. दोन्ही वेळा हात जोडून म्हणाला, घरी जाऊन येईपर्यंत राहू द्या, मग काढतो. पुढच्याच आठवड्यात रजा होती. मुखवटा नीट बसला नसावा. वरच शुद्ध गेली असावी.

दादाला हिंदी चांगली समजत होती. तो खाली वाकला आणि लेकाच्या तोंडाकडे पाहतच राहिला. शेवटी मीच त्याला धरून बाजूला केलं.

अग्नी देऊन आम्ही घरी आलो. वहिनी दारातच बसली होती. तिचं रडून झालं होतं.

"पाह्यलं का त्याचं तोंड?"

"पाह्यलं," दादा म्हणाला.

"मिशी आली होती?"

दादानं मान डोलावली.

"मंग झालं ना तुमच्या मनासारखं," वहिनी म्हणाली.