मैनावतीची विहीर

खुशालरावांच्या वावरात सकाळपासून अशी झुंबड उडाली होती, की वरूडला संत्र्याच्या लिलावालाही एवढी माणसं जमत नसतील. मधोमध जलानंद महाराज. डोळे मिटलेले, तळहातावर आडवा नारळ. महाराज दोन पावलं चालत, थबकत, हुंकार भरत. एका जागी नारळ टुणकन उभा राहिला.

"खोदा! इथे कासारविहीर आहे! शंभर वर्षांपासून माता गुदमरते आहे!"

खोदलं. कमरेएवढ्या खोलीवर खरंच विहिरीचा दगडी काठ लागला. बायांनी हात जोडले, खुशालरावांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. तीन दिवसांत ही तिसरी बुजलेली विहीर. हजार फुटांवरचे बोअर कोरडे पडलेल्या गावाला आणखी काय पाहिजे?

गर्दीत उभ्या असलेल्या सत्यभामेचाही आ वासला होता. पण तिचं कारण वेगळं होतं. 'कासारविहीर' हे नाव या गावात कुणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं, कारण ते तिनं स्वतः, मागच्या महिन्यात, चहा पिता पिता ठेवलं होतं.

सत्यभामा अमरावतीला राहून गावच्या पाण्याचा इतिहास अभ्यासत होती. दूरच्या एका ग्रंथालयानं गावाचा नव्वद वर्षांपूर्वीचा मोजणीचा नकाशा इंटरनेटवर टाकला होता. त्यात विहिरींचे निळे गोल आणि पाण्याची खोली होती, नावं नव्हती. ओळखायला सोपं जावं म्हणून तिनं नावं दिली आणि जागांसकट ती यादी आपल्या इंटरनेटवरच्या पानावर टाकली. ते पान आजवर बारा जणांनी पाहिलं होतं. त्यातल्या अकरा तिच्या मैत्रिणी. बारावा कोण, हे तिला आज कळलं. तिला असं हसू फुटलं, की तोंडात पदर कोंबावा लागला.

संध्याकाळी मात्र ते हसू पार मावळलं. महाराजांचा नारळ तिच्याच वडिलांच्या, जानरावांच्या, संत्राबागेत उभा राहिला.

"इथे चाफाविहीर आहे! ही चाळीस झाडं मातेच्या छातीवर उभी आहेत. गुरुवारी तोडा, पाताळगंगा वर येईल!"

झाडं चौदा वर्षांची. आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झालेली. जानरावांनी लगेच चाळीस खोडांना तोडायची खूण म्हणून चुन्याचे पट्टे ओढले.

सत्यभामेनं घाईघाईनं आपली यादी काढली. पहिल्या तीन विहिरी नकाशावरून घेतलेल्या. आणि चाफाविहीर? ती सापडली होती कुठल्याशा निनावी पानावर. लिहिणारा कोण, पत्ता नाही. कधी लिहिलं, पत्ता नाही. कशावरून लिहिलं, त्याचाही नाही. पण तिथली विहिरीकाठच्या चाफ्याची गोष्ट मोठी गोड होती, म्हणून तिनं ती बिनदिक्कत उचलली होती. आता तिनं मूळ नकाशा मोठा करून बघितला. बागेच्या जागी निळा गोल नव्हताच. तिची चूक देववाणी होऊन बापाच्या बागेत कुऱ्हाड घेऊन शिरली होती. तिला रडू आलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

"बाबा, तिथं इहीर नाही. ते माही चूक होय. न तपासता लिवलं मी."

"तीन निंघाल्या का नाही?" जानराव म्हणाले. "मंग चौथी काहून नाही निंघन? अन् देव काय तुह्या मोबाइलातून वाचून बोलते का?"

"वाचूनच बोलते!"

"जाय, झोप."

सत्यभामा झोपायला गेली नाही, शेजारच्या आयशाबीकडे गेली. दोघी बराच वेळ खुसुखुसू हसत बसल्या. मग सत्यभामेनं आपल्या पानावर नवी नोंद टाकली: 'राणी मैनावतीची विहीर. सर्वांत जुनी, कधी न आटणारी. जागा, शाळेमागचं मैदान.' आता शाळेमागे होता अखंड काळा खडक. गाव त्यावर मिरच्या वाळवायचं. पण महाराज बाहेरगावचे, त्यांना काय ठाऊक!

बुधवारी सकाळी महाराजांची जीप शाळेमागे वळली. पोटापाण्याचा धंदा, रोज ताजा माल लागतोच. महाराज ध्वनिक्षेपकासमोर डोलू लागले. खडकावर नारळ उभा राहिला.

"दिसली! राणी मैनावती दिसली! गोरीपान, सात्त्विक! गोरगरिबांना पाणी पाजणारी! तिची विहीर इथे आहे!"

गर्दीत आयशाबी उठली. तिच्या हातात दोरी होती, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला पांढरी बकरी.

"अगे माय! हे त माही मैनावती!" आयशाबी ओरडली. "गोरीपान हाय, खरं हाय. पर सात्त्विक नाई हो महाराज, काल माही नवी ओढनी खाल्ली तिनं!"

मैदान हसून हसून लोळलं. महाराज गरजले, "खोदा! अविश्वास नको!" खुशालरावांनी भाबडेपणानं पहार मारली. ठिणगी उडाली, पहार वाकली.

तेवढ्यात सत्यभामेनं महाराजांचाच ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि मोबाइलवरचं पान तळापर्यंत वाचून दाखवलं. "'सूचना: ही विहीर कोणत्याही नकाशात नाही. मैनावती ही आयशाबीची बकरी आहे. ही नोंद सत्यभामा जानराव हिनं मंगळवारी मुद्दाम टाकली.' महाराज, खालपर्यंत वाचायचं असते!"

"पर नारळ कसा उभा रायते?" कुणीतरी विचारलं.

आयशाबीनं महाराजांच्या हातातून नारळ काढून घेतला. "अंगठ्यानं बुड दाबलं का उभा रायते. आमच्या घरी लेकरं खेळतेत असं."

"पन तीन इहिरी खऱ्या ना?" खुशालराव रडवेले झाले होते.

"खऱ्या," सत्यभामा म्हणाली. "कारन तो मोजणीवाला स्वतः उन्हात फिरला, पाह्यलं तेच मांडलं, खाली सही केली, साल टाकलं. चाफाविहिरीखाली सही नव्हती, तरी मी मानली. महाराजानं माह्यावर इश्वास ठेवला, तुमी महाराजावर. चूक पयली माही. त्या नकाशात गावात एकेचाळीस इहिरी होत्या, चाळीस हातांवर पानी. ते पानी बोअरनं उपसलं का देवीनं नेलं, हे नारळाले नका विचारू. आपन आपलं मोजून पाहू."

बोलणं संपेतो जीपची नुसती धूळ राहिली होती.

गुरुवारी जानराव बागेत गेले ते हातात ओला फडका घेऊन. चाळीस खोडांवरचा चुना पुसायला दुपार झाली. घरी आल्यावर ते लेकीजवळ बसले.

"ते चाफाविहीर पुसून टाकून राहिली का तू?"

"हो. लाज वाटते."

"पुसू नको. तिथंच लिव का इथं इहीर नव्हती, चूक माही होय. खाली नाव टाक, तारीख टाक."

तिनं टाकली.

आठवड्यानं खुशालराव धावत आले. मोबाइल नाचवत म्हणाले, "जानराव, एक जडीबुटी हाय, झाडाले बांधली का बिनपान्यानं संत्रं येते! हे पाहा, लिवलं हाय!"

जानरावांनी मोबाइल हातात घेतला. वरचं काहीच न वाचता ते अंगठ्यानं पान सरकवत सरकवत पार तळाशी गेले.

"कोनं लिवलं खुशालराव? इथं त कोनाचंच नाव नाही."